झाडाला कीड लागली, फवारणी करायचीय? ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी कायद्याचे शब्द, एकेक करून

फेब्रुवारी संपत आला की ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो. रेन ट्रीच्या (म्हणजे वर्षावृक्षाच्या) कोवळ्या फांदीवर कापूस चिकटवल्यासारखं पांढरं काहीतरी, खाली पार्क केलेल्या गाडीच्या काचेवर चिकट थेंब, त्यावर काळपट थर, आणि फोटोखाली मेसेज, "कमिटीने लगेच फवारणी करून घ्यावी". मग सेक्रेटरी ओळखीच्या झुरळवाल्याला फोन लावतो, तो म्हणतो होऊन जाईल साहेब, आणि रविवारी सकाळी दोन पोरं पाठीवर पंप लावून हजर.

बहुतेक वेळा काहीच होत नाही, कोणी विचारायलाही येत नाही. पण एखाद्या दिवशी शेजारच्या विंगमधल्या मुलाला उलट्या सुरू होतात, किंवा झाडच वाळतं आणि कोणीतरी पालिकेत तक्रार टाकतं, आणि मग कागद मागायला सुरुवात होते. तेव्हा कमिटीला कळतं की झाडाला एक कायदा आहे, औषधाला वेगळाच कायदा आहे, आणि झाड ज्या जमिनीवर उभं आहे तिला अजून तिसरा. एका परवानगीने बाकीच्या दोन मिळत नाहीत, हे नवीन माणसाच्या लक्षातच येत नाही. म्हणून फवारणीचा विषय निघाला की तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे: झाड कोणाच्या हद्दीत, डब्यात काय, आणि मारणार कोण.

पहिलं काम: हद्द बघा

ठाणे महापालिकेच्या हद्दीत असाल तर ठाणे महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका. खारघर, कामोठे, कळंबोलीवाल्यांनी लक्षात ठेवायचं की पत्त्यात नवी मुंबई लिहिलं तरी तुमची पालिका पनवेल आहे, २०१६ पासून. उलवे, द्रोणागिरीकडे सिडको. टीटीसी (ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा) किंवा तळोज्यात कंपनीच्या प्लॉटवर झाड असेल तर आधी एमआयडीसीच्या ऑफिसला विचारून घ्या की अर्ज त्यांच्याकडे का पालिकेकडे, नाहीतर दोन्हीकडे हेलपाटे होतात. येऊर आणि खाडीकाठ हे वेगळं प्रकरण आहे, ते पुढे सांगतो.

शहरातल्या झाडांचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. नाव लांबलचक आहे, ऑफिसात सगळे नुसतं "झाडांचा कायदा" म्हणतात. यातले तीन-चार शब्द पक्के करा.

वृक्ष प्राधिकरण म्हणजे समिती, आयुक्त तिचे अध्यक्ष असतात. वृक्ष अधिकारी म्हणजे पालिकेने नेमलेला माणूस, पाहणीला येतो तो किंवा त्याचा स्टाफ. तुमचा अर्ज वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने जातो. नगरसेवकाला सांगितलंय म्हणजे अर्ज दिला असं होत नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण निम्म्या सोसायट्यांची फाईल तिथेच थांबते.

वृक्षगणना म्हणजे झाडांची मोजणी, तीही याच कायद्यात आहे. तुमच्या झाडाला गणनेत नंबर मिळाला असेल तर तो अर्जात टाका, काम सोपं होतं.

हेरिटेज वृक्ष हा शब्द २०२१ च्या दुरुस्तीने आला. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड या वर्गात येतं. नौपाडा, पाचपाखाडीकडच्या जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगांच्या आवारात असं एखादं आंबा-चिंचेचं झाड सहज निघतं आणि कमिटीला त्याचा पत्ताच नसतो. त्याच दुरुस्तीत असंही आलं की झाड तोडायची वेळ आली तर बदल्यात झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची. साठ वर्षांचं झाड तोडलं तर साठ झाडं. हे ऐकल्यावर बरेच जण तोडायचं सोडून उपचाराकडे वळतात, आणि ते बरंच आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द: झाड तोडणे. आपल्याला वाटतं तोडणे म्हणजे करवत. कायद्यात तोडण्यात झाड जाळणं येतं आणि कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणंही येतं. म्हणजे खोडाला ड्रिलने भोकं पाडून आत "औषध" ओतलं आणि झाड वाळलं, तर कुऱ्हाड न लावताही ते तोडणंच झालं. झाड सोसायटीच्या स्वतःच्या प्लॉटवर असलं तरी सुटका नाही, परवानगी लागतेच. शिक्षेत दंड आणि कैद दोन्ही आहेत.

भोक किड्याचं का ड्रिलचं, हे बघायला शिका

हे कायद्याच्या लेखात कशाला असं वाटेल, पण तक्रार झाली की पहिला वाद याच्यावरच होतो.

आंब्याला खोडकिडा लागला की खोडावर भोक दिसतं, त्याची कड ओबडधोबड असते, भोकातून लाकडाचा ओलसर भुसा बाहेर पडत असतो आणि खाली बुंध्याशी त्याचा छोटा ढीग साठतो. कधी रस ओघळून वाळलेला असतो. हा शिंगवाल्या लांब मिशांच्या भुंग्याच्या अळीचा उद्योग, आत महिनोन् महिने पोखरत बसते. याउलट माणसाने पाडलेलं भोक गोल, कडा स्वच्छ, साधारण कमरेच्या उंचीवर, बऱ्याचदा एका ओळीत दोन-चार, आणि खाली भुसा असलाच तर कोरडा, एकदाच पडलेला. मग त्यावर कोणीतरी माती किंवा सिमेंट लिंपून ठेवलेलं. असं दिसलं तर फवारणीवाल्याला बोलावू नका, आधी फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून, आणि वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवा.

बाकी किडी ओळखायला सोप्या आहेत. वर सांगितलं ते कापसासारखं पांढरं म्हणजे मिलीबग, मराठीत पिठ्या ढेकूण. तो रस पितो, चिकटा सोडतो, चिकट्यावर काळी बुरशी वाढते, म्हणून गाड्या आणि खालची पानं काळी पडतात. मुंगळ्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर वर पिठ्या ढेकूण असायची शक्यता बरीच, मुंग्या चिकट्यासाठी त्यांना जपतात. नारळाच्या शेंड्याला गेंड्या भुंगा किंवा लाल सोंड्या भुंगा. नारळाच्या पानाखाली गोल गोल वेटोळ्यात पांढरं दिसलं तर ती चक्राकार पांढरी माशी, आपल्या देशात २०१६ पासून आलेली. वाळवी सगळ्यांना माहीत आहे.

कीड ओळखली नाही तर पुढची पायरी गंडते, कारण औषधाचं लेबल किडीच्या नावाने बोलतं.

दुसरं काम: डब्यावर काय लिहिलंय ते वाचा

इथे कायदा बदलला. आता आपण कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याचे १९७१ चे नियम यात आलो. हा केंद्राचा कायदा, पालिकेचा याच्याशी संबंध नाही.

कीटकनाशक या शब्दाची व्याख्या आपल्या समजापेक्षा मोठी आहे. कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे, त्या यादीत जे जे आहे ते कायद्याने कीटकनाशक. त्यात बुरशीनाशक येतं, तणनाशक येतं, उंदराचं विषही येतं. म्हणून "आम्ही तर फक्त गवत मारायचं औषध मारलं" हा बचाव चालत नाही.

नोंदणी: भारतात कुठलंही कीटकनाशक फरीदाबादच्या नोंदणी समितीने नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. डब्यावर नोंदणी क्रमांक असतोच, नसेल तर तो डबा घेऊ नका, विषय संपला. "ऑरगॅनिक आहे, याला नोंदणी लागत नाही" असं कोणी सांगितलं तर सावध व्हा, कारण कडुनिंबातल्या ॲझाडिरॅक्टिनपासून बिव्हेरियासारख्या बुरशीपर्यंत किडी मारायला विकली जाणारी जैविक औषधंही याच कायद्याखाली नोंदवतात.

लेबल क्लेम: हा शब्द कृषी सेवा केंद्रात रोज ऐकू येतो. म्हणजे हे औषध कुठल्या पिकावर, कुठल्या किडीसाठी, किती प्रमाणात मंजूर आहे ते. दुकानातून डबा आणलात की लेबल आणि आतलं घडी घातलेलं पत्रक दोन्ही वाचा. पिकाच्या रकान्यात कापूस, भात, आंबा, मिरची असं सापडेल, पण रस्त्याकडेच्या रेन ट्रीचं नाव तिथे शोधून दाखवा. शहरातल्या सावलीच्या झाडांसाठी हीच खरी अडचण आहे. औषध नोंदवलेलं, दुकान परवानाधारक, बिल पक्कं, आणि तरी त्या झाडावर मारायला ते मंजूर नाही. याला लेबलबाहेरचा वापर म्हणतात. दुकानदार सांगतो "सगळे हेच मारतात", तो खोटं बोलत नसेल, पण उद्या काही झालं तर लेबल तुमच्या विरोधात जातं, दुकानदाराचं वाक्य कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून कुठलं औषध मारायचं हे पालिकेच्या उद्यान विभागाकडून किंवा कृषी खात्याच्या माणसाकडून लेखी घ्या. खूपदा ते औषधाआधी बाधित फांद्या छाटा आणि जोराच्या पाण्याने धुवा असंच सांगतात, आणि पिठ्या ढेकणाला त्याने बराच फरक पडतो.

आता रंगाची खूण. डब्यावर चौकोन असतो, कोपऱ्यावर उभा केलेला, वरच्या अर्ध्यात शब्द आणि खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे अतितीव्र विष, वर कवटी आणि हाडं. पिवळा म्हणजे तीव्र विष. निळा मध्यम, त्यावर धोक्याचा शब्द. हिरवा सौम्य, त्यावर सावधानतेचा. हे रंग अंदाजपंचे नाहीत, प्राण्यांवरच्या चाचणीत निम्मे प्राणी किती मात्रेला मरतात त्यावरून ठरतात: तोंडावाटे किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी असं मात्र नाही, मासे आणि मधमाश्यांसाठी वेगळा इशारा असतो तो रंगात दिसत नाही, बारीक अक्षरात असतो. झाड फुलोऱ्यात असेल तर तो इशारा आधी वाचा.

बंदी आणि निर्बंध हे दोन शब्द लोक एकच समजतात. बंदी म्हणजे पूर्ण बंद. एंडोसल्फान सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या आदेशाने बंद झालं. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस ही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद. डायक्लोरव्हॉस म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचं नुवान, सोसायटीच्या स्टोअररूममध्ये पंपाशेजारी याची अर्धी बाटली अजून सापडते, ती वापरू नका आणि कोणाला देऊही नका.

निर्बंध म्हणजे औषध चालू आहे पण ठरावीक माणसांनीच, ठरावीक पद्धतीनेच वापरायचं. याचं सगळ्यात धोक्याचं उदाहरण म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, धान्यात ठेवायची ती गोळी. खोडकिड्याच्या भोकात ही गोळी सारून वर चिखल लिंपायचा हा उपाय गावाकडून आलेला प्रत्येक माळी सांगतो. ओलाव्याला लागली की ती फॉस्फिन हा विषारी वायू सोडते. या गोळीचा वापर सरकारी यंत्रणा किंवा परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाले यांनीच, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायचा असा नियम आहे, आणि १० किंवा २० गोळ्यांच्या त्या ट्यूबच्या पॅकवर तर बंदीच आहे. तळमजल्याच्या बेडरूमच्या खिडकीपासून पाच-सहा फुटांवर असलेल्या आंब्याच्या खोडात ही गोळी टाकायला कोणालाही देऊ नका, माळी कितीही अनुभवी असो.

मिसब्रँडेड हा शब्दही ओळखून ठेवा. लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा आत वेगळं किंवा कमी असेल, लेबल दिशाभूल करणारं असेल, लागणारा इशाराच छापलेला नसेल, तर तो माल मिसब्रँडेड. सुट्ट्या बाटलीत, पाण्याच्या बिसलेरीत भरून आणलेलं "पॉवरफुल औषध" तर कुठल्याच व्याख्येत बसत नाही.

तिसरं काम: मारणार कोण

घरच्या कुंडीतल्या जास्वंदीवर तुम्ही स्वतः काही मारलंत तर कायदा तुम्हाला फारसा अडवत नाही. १९६८ च्या कायद्यात कलम ३८ आहे, स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी वापर करणाऱ्याला सूट आहे. सोसायट्या नेमकं हेच कलम पुढे करतात. पण दोनशे फ्लॅटच्या आवारात पैसे देऊन बोलावलेल्या माणसाने चाळीस फुटी झाडावर मारलेलं औषध हे कोणाचं घरगुती काम, हे अधिकाऱ्यासमोर पटवून द्यायची वेळ आणू नका.

पैसे घेऊन काम करणाऱ्याकडे कीड नियंत्रणाचा परवाना मागा. त्याच्या लेटरहेडवर "गव्हर्नमेंट अप्रूव्हड" लिहिलेलं असतं ते पुरेसं नाही, परवान्याची प्रत बघा, त्यावरची मुदत बघा, आणि कुठल्या कामासाठी दिलाय ते बघा. घरातल्या झुरळ-ढेकणाचा अनुभव आणि उंच झाडावर पंप चालवायचा अनुभव यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वरून मारलेलं औषध वाऱ्याने कुठे जातं हे झुरळवाल्याला कधी बघावंच लागत नाही.

संरक्षक साधनं हा कायद्याच्या नियमांतला भाग आहे, कंत्राटदाराची मेहेरबानी नाही. हातमोजे, बूट, पूर्ण कपडे, चष्मा, श्वासाचा मास्क. रुमाल बांधून चालत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, त्यानंतर तरी हे वेगळं सांगावं लागू नये. आणि डबा-पत्रक कामाच्या जागीच ठेवायला लावा, त्यावर विषबाधा झाल्यास काय करायचं आणि उतारा काय ते छापलेलं असतं, दवाखान्यात डॉक्टर पहिलं तेच विचारतात की नेमकं काय मारलं होतं.

निष्काळजीपणाने विषारी पदार्थ हाताळून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८६ चा विषय होतो. जुन्या लोकांना हे भारतीय दंड संहितेचं २८४ म्हणून माहीत असेल. हे पालिका लावत नाही, पोलीस लावतात.

येऊर आणि खाडी: इथे फवारणीचं नावच काढू नका

आपल्याकडे गंमत अशी की सोसायटीच्या भिंतीपलीकडे थेट राष्ट्रीय उद्यान असतं. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर येऊरचा साग बघा, पानांची नुसती जाळी उरलेली असते, शिरा तेवढ्या शिल्लक. हे सागाच्या दोन अळ्यांचं काम, एक अख्खं पान खाते आणि दुसरी पानाची चाळण करते. नवीन माणसाला वाटतं जंगल मेलं. साग परत पालवतो.

उद्यानाला लागू होतो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्यातलं कलम ३२ सांगतं की वन्यजीवाला इजा होईल असं रसायन, स्फोटक किंवा दुसरा पदार्थ अभयारण्यात वापरायचा नाही, आणि कलम ३५ मुळे तेच राष्ट्रीय उद्यानालाही लागतं. त्यात अळी "वन्यजीव" आहे की नाही असा वाद घालत बसू नका, अळी खाणारा पक्षी तर आहेच. म्हणजे तुमच्या बंगल्यामागच्या उद्यानाच्या हद्दीतल्या झाडावरून केसाळ सुरवंट तुमच्या गॅलरीत येत असले तरी पाईप भिंतीपलीकडे न्यायचा नाही. वन विभागाला अर्ज करायचा, आणि आपल्या बाजूला झाडू.

राखीव वन आणि संरक्षित वन हे दोन शब्द भारतीय वन अधिनियम, १९२७ मधले. राखीव वनात परवानगी नसलेली प्रत्येक गोष्ट मनाईच धरायची, संरक्षित वनात नियम सांगतील तेवढी मनाई. व्यवहारात आपल्याला दोन्हीकडे वनरक्षकालाच विचारायचं असतं.

आता कांदळवन. पावसाळा सरताना ऐरोली, वाशी, पाम बीच रोडच्या बाजूची तिवरं काही वर्षी अचानक तपकिरी पडतात, लांबून बघितलं तर जळाल्यासारखी. मग बातम्या येतात, कोणीतरी केमिकल सोडलं म्हणून. कधी कधी तेही असेल, पण बऱ्याचदा ती सागाचीच पान खाणारी अळी असते, हायब्लिया प्युएरा, तिवरावरही तितक्याच आवडीने जगते. जवळ जाऊन फांदी बघितली तर पानाची घडी करून आत बसलेली काळपट-हिरवी अळी दिसते, आणि साळुंक्यांची झुंबड उडालेली असते. काही आठवड्यांत तिवराला नवी पालवी फुटते. इथे फवारणीची मागणी करणारे अर्ज मी वाचलेत, आणि त्यातल्या एकातही भरतीचं पाणी हे औषध कुठे नेईल याचा उल्लेख नव्हता. खाडीत कोळ्यांची जाळी आहेत, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालंय आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनं आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा जपायला सांगितलाय. म्हणून तिवरं तपकिरी दिसली तर फोटो, जागा, तारीख वन विभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा, बस्स.

न्हावा शेवाचे लाकडी पॅलेट

हा भाग गोदामवाल्यांसाठी, बाकीच्यांनी सोडला तरी चालेल. बंदरातून आलेल्या मालाखाली लाकडी पॅलेट असतात आणि त्या लाकडातून परदेशी किडी येऊ शकतात. न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली आशियाई लांब मिशांचा भुंगा सापडला आणि रस्त्याकडेची झाडं तोडायची वेळ आली, अशा प्रकरणांनंतर लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम आला, आयएसपीएम १५. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखा शिक्का असतो, देशाचा कोड, आणि एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. क्वारंटाईन कीड म्हणजे आपल्याकडे अजून नसलेली किंवा थोड्याच भागात असलेली आणि सरकारी नियंत्रणाखाली असलेली धोक्याची कीड, नेहमीचा पिठ्या ढेकूण त्यात बसत नाही. आयातीचा आपला आदेश २००३ चा आहे, वनस्पती संगरोध (म्हणजे क्वारंटाईन) आदेश. शिक्का नसलेलं पॅलेट, ताजा भुसा पडणारं पॅलेट दिसलं तर ते बाहेर भंगारवाल्याला विकू नका, झाकून ठेवा आणि संगरोध केंद्राला कळवा.

अर्ज कसा लिहायचा

छोटा लिहा. मी साधारण असा देतो:

"मा. वृक्ष अधिकारी यांस. विषय: सोसायटीच्या आवारातील वर्षावृक्षावर पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव, पाहणी होणेबाबत. महोदय, आमच्या आवारात मुख्य गेटजवळ वर्षावृक्षाचे एक झाड आहे. त्याच्या कोवळ्या फांद्यांवर पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव दिसत असून फोटो सोबत जोडले आहेत. झाड तोडण्याची आमची मागणी नाही. पाहणी करून बाधित फांद्यांच्या छाटणीची परवानगी व उपचाराबाबत लेखी सूचना मिळावी, ही विनंती."

"झाड तोडण्याची आमची मागणी नाही" हे वाक्य ठेवाच. कारण कीड लागल्याचं निमित्त करून पार्किंगसाठी झाड काढायचे अर्ज एवढे येतात की पाहणीला येणारा माणूस आधीच संशयाने बघत असतो. आणि अर्जात "मृत", "रोगट", "धोकादायक" हे शब्द स्वतःहून टाकू नका, ते ठरवायचं काम पाहणी करणाऱ्याचं आहे. पिठ्या ढेकूण लागलेलं झाड हे मेलेलं झाड नाही. पोचपावती घ्या, त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का दिसला पाहिजे.

लेखी सूचना आली आणि फवारणी ठरली की आदल्या दिवशी प्रत्येक विंगच्या लिफ्टमध्ये नोटीस लावा: कुठलं झाड, औषधाचं तांत्रिक नाव (ब्रँडचं नाही), वेळ, खिडक्या बंद, गाड्या हलवा, मुलं आणि कुत्री-मांजरं किती वेळ लांब ठेवायची ते. हा शेवटचा आकडा पत्रकातून घ्या, मनाने लिहू नका. वारा असेल तर काम पुढे ढकला, कंत्राटदार कुरकुरला तरी.

काम झालं की पंप धुतलेलं पाणी गटारात सोडू देऊ नका, आपल्याकडचं पावसाळी गटार शेवटी खाडीलाच जातं. रिकामा डबा तर वॉचमन पाणी भरायला उचलून नेतो, हे सगळीकडे होतं, त्यामुळे डबा तिथेच भोकं पाडून निकामी करा. कीटकनाशकाचे डबे कचऱ्याच्या नियमांत घरगुती घातक कचऱ्यात येतात, ओल्या-सुक्यात टाकायचे नाहीत, वेगळे द्यायचे.

बिल, परवान्याची प्रत, लेबलचा फोटो ज्यात बॅच नंबर आणि मुदत वाचता येते, अर्जाची पोच, नोटीस, एवढं एका फोल्डरमध्ये ठेवा. औषधावरच शंका असेल तर तक्रार पालिकेत नाही, कृषी खात्यात करायची. तिथल्या कीटकनाशक निरीक्षकाला नमुना घ्यायचा अधिकार आहे, तो नमुन्याचे तीन भाग करून सील करतो आणि एक भाग विश्लेषकाकडे जातो. फोडलेल्या बाटलीवरून काही सिद्ध करणं कठीण असतं, त्यामुळे दोन डबे आणले असतील तर दुसरा सीलसकट ठेवून द्या.